दात कशाने गेला, ते कागदावर आहे का?

पत्र :

ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. फेब्रुवारीत घरासमोरच्या ड्राइव्हवेवर बर्फावरून पाय घसरून माझे यजमान तोंडावर आपटले. वरचे समोरचे दोन दात गेले. एक मुळासकट बाहेर आला, दुसरा हिरडीपाशी मोडला. इमर्जन्सीत निखळलेला दात परत बसवून बांधून दिला, पण मे महिन्यापर्यंत तो हलायला लागला. दुसऱ्याचं मूळ उभं चिरलेलं निघालं. शेवटी दोन्ही काढले आणि ऑगस्टमध्ये दोन इम्प्लांट बसवले. सगळं मिळून बिल ११,२०० डॉलर. डेंटल विम्याने १,५०० दिले आणि वर्षाची मर्यादा संपली म्हणून हात वर केले. दवाखान्याने मेडिकल विम्याकडे क्लेम पाठवला, तो 'दातांचे उपचार योजनेत बसत नाहीत' असं म्हणून परत आला. त्यावर के०८.४०९ असा निदानाचा कोड आहे.

इथल्या मंडळातले एक ओळखीचे म्हणाले, 'डॉक्टरांना अपघाताचा कोड टाकायला सांगा, पैसे मिळतात.' दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेलो असताना यजमानांची खालची किडलेली दाढ काढली होती. तिथेही इम्प्लांट करायचंय. 'तीही त्याच पडण्यात घाला, कोण बघतंय,' असाही सल्ला मिळाला. यजमान म्हणतात, कोड बदलून मागणं म्हणजे लांडीलबाडी, गप्प पैसे भरून मोकळं होऊ. आमच्यात यावरून आठवडाभर अबोला आहे. कोणाचं बरोबर?

– एक वाचक

उत्तर :

अबोला आधी सोडा, कारण तुमचे यजमान निम्मे बरोबर आहेत आणि मंडळातले ओळखीचेही निम्मेच. समोरच्या दोन दातांचा कोड दुरुस्त करून मागणं ही लबाडी नाही. आत्ता कागदावर जे आहे तेच अर्धवट आहे. दाढ मात्र त्या पडण्यात घालणं हे सरळ खोटं आहे, आणि त्या एका खोट्यापायी दोन दातांचा खरा हक्कसुद्धा धोक्यात येईल.

क्लेमवर कोड लावायचं हे काम मी नवी मुंबईत रात्रपाळीला बसून शिकले. संध्याकाळी सातला डबा घेऊन निघायचं, आणि पहाटेपर्यंत ओहायो नि टेक्सासमधल्या लोकांच्या पायाचे, पोटाचे, दातांचे कोड लावायचे. तेव्हा निदानाच्या कोडांची जुनी नववी आवृत्ती होती, साधारण चौदा हजार कोडांची. १ ऑक्टोबर २०१५ला अमेरिकेत दहावी आवृत्ती लागू झाली आणि आकडा सत्तर हजारांच्या घरात गेला. आम्ही कुरकुरलो खूप, पण नव्या पद्धतीत एक गोष्ट चांगली झाली. कोडच्या पोटात गोष्ट लिहायला जागा आली. तुमच्या कोडमध्ये ती जागा रिकामी राहिली आहे, एवढंच घडलंय.

के०८.४०९ उलगडून बघा. के०८.४ म्हणजे काही दात गेलेले आहेत, सगळे नाहीत. (सगळेच गेले असतील तर के०८.१.) पुढचा आकडा सांगतो, कशाने गेले. १ म्हणजे इजा, २ म्हणजे हिरड्यांचा आजार, ३ म्हणजे कीड, ९ म्हणजे दुसरं एखादं नमूद केलेलं कारण. आणि ० म्हणजे कारण लिहिलेलंच नाही. शेवटचा आकडा वर्गाचा. १ ते ४ असे चार वर्ग, पुढचं काम जितकं किचकट तितका वरचा वर्ग. ९ म्हणजे वर्गही लिहिलेला नाही. थोडक्यात तुमच्या मेडिकल विमा कंपनीला जो कागद मिळाला त्यावर असं लिहिलंय : 'या माणसाचे काही दात नाहीत. का नाहीत, सांगता येत नाही. प्रकरण किती अवघड, तेही सांगता येत नाही. पैसे द्या.' मी त्या खुर्चीत असते तर मीही परत पाठवलं असतं.

दवाखान्याने असं का केलं? दुष्टपणाने नाही, सवय नाही म्हणून. डेंटल विम्याच्या क्लेमवर बहुतेक वेळा निदानाचा कोड लागतच नाही. तिथे चालतात ते 'डी'पासून सुरू होणारे उपचाराचे कोड. डी६०१० म्हणजे हाडात इम्प्लांटचा स्क्रू बसवणं, डी६०५७ म्हणजे त्यावरचा खास बनवून घेतलेला जोड, डी६०५८ म्हणजे त्या जोडावरची सिरॅमिकची कॅप. तिन्हींचे पैसे वेगवेगळे लागतात, म्हणूनच 'एका दाताला एवढे कसे' असं होतं. दंतवैद्याच्या काउंटरवरची बाई हे कोड झोपेतही सांगेल. पण दात का गेला हे विचारायची वेळ तिच्यावर वर्षातून चार-दोनदाच येते. मग संगणकात 'दात गेला' असं शोधलं की जे सगळ्यात बिनधोक दिसतं ते ती निवडते. कारण नमूद नाही, वर्ग नमूद नाही, झालं.

मेडिकल विम्याची गोष्ट वेगळी. तिथे निदान हाच पाया. अमेरिकेत तोंड हे शरीराच्या बाहेर काढून ठेवलेलं आहे, असं मी नव्या मुलींना शिकवताना म्हणायचे. १९६५चा मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा, कायदा झाला तेव्हाच दातांची काळजी, ते भरणं, काढणं, नवे बसवणं हे त्यातून वगळलं गेलं, आणि नोकरीतून मिळणाऱ्या मेडिकल योजनाही बऱ्याचशा त्याच वळणावर गेल्या. कान दुखला तर मेडिकल, घसा दुखला तर मेडिकल, मधल्या दाढेला मात्र वेगळा विमा, आणि त्याची मर्यादा वर्षाला हजार-दोन हजार डॉलर. इम्प्लांटच्या बिलापुढे ते म्हणजे दात कोरून पोट भरणं.

या भिंतीला एक दार आहे, आणि तुमचं प्रकरण नेमकं त्या दारात उभं आहे. अनेक मेडिकल योजनांमध्ये दातांचे उपचार वगळलेले असतात, 'अपघाताने निरोगी नैसर्गिक दातांना झालेली इजा सोडून'. हे शब्द तुमच्या योजनेत आहेत का, हा पहिला प्रश्न. कंपनीच्या वेबसाइटवरची दोन पानी माहिती बघू नका. यजमानांच्या ऑफिसातल्या एचआरकडून योजनेची पूर्ण पुस्तिका मागा, शंभरेक पानी असते ती. तिच्यात वगळलेल्या गोष्टींचं प्रकरण उघडा आणि 'अपघात', 'दात', 'नैसर्गिक' हे शब्द इंग्रजीतून शोधा. तिथे तीन गोष्टी निरखून वाचा. उपचार अपघातानंतर किती दिवसांत सुरू व्हायला हवा किंवा संपायला हवा, कारण ही मुदत प्रत्येक योजनेत निराळी असते आणि तुमच्या कॅप अजून बसायच्या असतील तर ती तुमच्या डोक्यावर टांगलेली आहे. 'निरोगी दात' म्हणजे काय, याची त्यांनी केलेली व्याख्या. आणि इम्प्लांट हा शब्द वेगळा काढून वगळलाय का. काही योजना अपघातातले दात भरून देतात, पण इम्प्लांट नको, काढघाल करायची कवळी देऊ म्हणतात. तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तर माझ्या पुढच्या सल्ल्याने स्क्रूचे पैसे मिळणार नाहीत. फार तर दात काढण्याचे, तपासणीचे, स्कॅनचे मिळतील. खोटी आशा नको.

(एक शेरा. चावताना दात मोडला, चिक्कीत खडा आला, हे बहुतेक योजना अपघात धरतच नाहीत. बर्फावर आपटणं धरतात. दिवाळीच्या फराळात मोडलेल्या दाताची पत्रं मला दरवर्षी येतात आणि दरवर्षी तेच वाईट उत्तर द्यावं लागतं.)

दार आहे असं दिसलं, तर आता कोड. इथे मंडळातल्या गृहस्थांचं वाक्य थोडं फिरवून घ्या. 'अपघाताचा कोड टाका' असं डॉक्टरांना सांगायचं नाही. कोड हा कोणाच्या सांगण्यावरून लागत नाही, तो डॉक्टरांच्या नोंदीतून निघतो. कोडर नोंद वाचतो, त्यात जे आहे तेवढंच लावतो. नोंदीत नाही ते लावायची त्याला परवानगी नाही. तेव्हा आधी नोंद बघा. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे यजमानांच्या फाइलची प्रत लेखी मागा. तो तुमचा कायदेशीर हक्क आहे आणि साधारणपणे ३० दिवसांत त्यांना ती द्यावी लागते. फाइल हातात आली की पहिल्या तपासणीचं पान काढा. माझा अनुभव असा की त्यावर बहुतेकदा एवढंच असतं : 'रुग्णाला ८ आणि ९ क्रमांकाच्या दातांच्या जागी इम्प्लांट हवे आहेत.' बर्फ नाही, फेब्रुवारी नाही, इमर्जन्सी नाही. डॉक्टरांना तोंडी सगळं सांगितलेलं असतं, त्यांनी मान डोलावलेली असते, पण लिहिलेलं नसतं.

असं असेल तर इमर्जन्सीचे कागद घेऊन त्यांच्याकडे जा. तिथल्या बिलावर बहुधा एस०३.२एक्सएक्सए आणि एस०२.५एक्सएक्सए हे दोन कोड असतील. पहिला दात निखळल्याचा, दुसरा दात मोडल्याचा. मधले दोन एक्स म्हणजे नुसत्या भरलेल्या रिकाम्या जागा. शेवटचा ए म्हणजे त्या इजेवर प्रत्यक्ष उपचार चालू आहेत. 'पहिली भेट' असा त्याचा अर्थ लावून पुष्कळ जण चुकतात. भरून येण्याच्या काळातल्या भेटींना डी लागतो आणि इजेचा मागे राहिलेला परिणाम असेल तर एस. यातलं कुठलं अक्षर लागेल ते कोडरवर सोडा, तुम्ही त्यात पडू नका. तुम्ही फक्त एवढं म्हणायचं : 'डॉक्टर, हे दात कशाने गेले ते तुमच्या नोंदीत आलेलं नाही. हे हॉस्पिटलचे कागद. तुम्हाला पटत असेल तर नोंदीत पुरवणी जोडाल का?' पुरवणी आजच्या तारखेने, आजच्या सहीने जोडली जाते. जुन्या पानावर खाडाखोड करून मागच्या तारखेने लिहून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. ती मात्र तुमचे यजमान म्हणतात तीच लांडीलबाडी.

पुरवणी आली की कोड आपोआप फिरतो. के०८.४० जाऊन के०८.४१ येतो, म्हणजे इजेने गेलेले दात. शेवटचा आकडा डॉक्टर ठरवतील तो वर्ग. त्यासोबत कशाने पडले याचेही कोड असतात. बर्फावरून घसरून जागीच पडण्याला डब्ल्यू००.० या घरातला कोड आहे. एवढंच काय, स्वतःच्या बंगल्याच्या ड्राइव्हवेवर पडलात यालाही वाय९२.०१४ असा स्वतंत्र कोड आहे. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हसले होते. या कोडांची सरसकट सक्ती नाही, पण तुमच्यासारख्या क्लेमवर ते असावेतच, कारण 'दुसऱ्या कोणाच्या विम्याने हे द्यायचं आहे का, गाडीचा अपघात आहे का, कामावर घडलंय का' या पुढच्या तीन पत्रांचं उत्तर ते आधीच देऊन टाकतात.

हाडाचं काम झालंय का, हेही विचारा. दात गेला की तिथलं हाड झिजायला लागतं, आणि त्या झिजेला वेगळे कोड आहेत. वरच्या जबड्याला के०८.२४ ते के०८.२६, कमी, मध्यम, जास्त अशा क्रमाने. हाडाची भुकटी घालावी लागली असेल आणि स्कॅनमध्ये झीज दिसत असेल तर तो कोडही क्लेमवर यायला हवा, नाहीतर भुकटी कशासाठी घातली हे वाचणाऱ्याला कळणार नाही. स्कॅनमध्ये दिसत नसेल तर अर्थातच नाही.

उपचाराचा कोडही मेडिकल भाषेत बदलू शकतो. मेडिकलच्या कोडांमध्ये जबड्याच्या पुनर्रचनेसाठी हाडात इम्प्लांट, काही भागात, याला २१२४८ आहे. काही कंपन्या मेडिकल फॉर्मवरही डी६०१० चालवून घेतात, काहींना २१२४८च हवा असतो. दवाखान्याने कंपनीला फोन करून विचारावं. एकाच स्क्रूचे पैसे दोन्ही विम्यांकडून पूर्ण घेता येत नाहीत, हे लक्षात ठेवा. डेंटलने आधीच १,५०० दिलेत, ते सांगावंच लागेल. अपघाताच्या बाबतीत पुष्कळदा मेडिकलने आधी द्यायचं असतं आणि डेंटलने नंतर, त्यामुळे मेडिकलने पैसे दिले तर डेंटल कंपनी आपले काही परत मागू शकते. ते पत्र आलं तर दचकू नका.

आता नव्याने क्लेम पाठवताना होणारी एक हमखास चूक. दवाखान्याने तो नवा क्लेम म्हणून पाठवला तर कंपनीचं यंत्र म्हणेल, हा आधी आलेलाच आहे, आणि दुसऱ्यांदा आला म्हणून फेकून देईल. जुन्याच्या जागी दुरुस्त केलेला क्लेम पाठवायचा तर फॉर्मच्या २२ क्रमांकाच्या चौकटीत ७ हा आकडा आणि जुन्या क्लेमचा नंबर लिहावा लागतो. मेडिकलचं काम रोज करणाऱ्याला हे माहीत असतं. डेंटलच्या काउंटरवर नसेलही, म्हणून तुम्हीच सांगा. उद्धटपणा वाटेल, वाटू द्या.

दुरुस्त क्लेम पाठवला म्हणून अपिलाचं घड्याळ थांबतं असं समजू नका. नकाराचं पत्र हातात पडल्यापासून अपील करायला साधारण १८० दिवस असतात. पत्रावर तारीख आणि मुदत छापलेली असते, ती कॅलेंडरवर लाल रंगाने लिहा. अपिलाआधी विमा कंपनीला एक पत्र पाठवा आणि तीन गोष्टी मागा : नाकारलेल्या क्लेमवरचे निदानाचे आणि उपचाराचे कोड अर्थासकट, योजनेच्या ज्या कलमावर बोट ठेवून नाकारलं ते कलम, आणि तुमच्या क्लेमची पूर्ण फाइल. नोकरीतल्या योजनेत हे फुकट द्यावं लागतं. पुष्कळ लोक फोनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकतात आणि हे पत्र पाठवत नाहीत.

दवाखान्यालाही त्यांच्याकडे आलेल्या हिशेबाच्या कागदाची प्रत मागा. तुमच्याकडे येणारा ईओबी, म्हणजे कंपनीने काय दिलं नि काय नाही याचा खुलासा, गोड भाषेत असतो, त्यांच्याकडचा कागद खरं बोलतो. त्यात प्रत्येक रकमेपुढे दोन अक्षरं आणि एक आकडा असतो. सीओ असेल तर ती रक्कम कंपनी आणि डॉक्टर यांच्या करारातली. डॉक्टर नेटवर्कमधले असतील तर ती तुमच्याकडून मागता येत नाही. पीआर असेल तर ती तुमच्या माथी. आकड्यांमध्ये ९६ म्हणजे योजनेत बसत नाही, ५० म्हणजे वैद्यकीय गरज पटली नाही, ११ म्हणजे निदान आणि उपचार जुळत नाहीत, १६ म्हणजे माहिती अपुरी. ११ किंवा १६ असेल तर दुरुस्त क्लेमनेच काम होण्याची शक्यता बरी. ५० असेल तर डॉक्टरांचं पत्र लागेल. ९६ असेल तर पुस्तिकेतल्या त्या अपवादाच्या वाक्यावरच लढाई आहे. अपिलाच्या पत्रात ते वाक्य शब्दशः उतरवा, खाली इमर्जन्सीच्या तारखा लिहा, बस. 'आम्ही नियमित हप्ते भरतो' वगैरे लिहू नका, ते कोणी वाचत नाही.

डॉक्टरांच्या पत्रात काय असावं, यावर मी थोडी हट्टी आहे. समोरचे दात गेले की बाहेरचा माणूस पहिलं म्हणतो, दिसायला वाईट दिसतं. खरंच दिसतं. पण 'हसताना संकोच' हे शब्द पत्रात आले की तपासणारा 'सौंदर्योपचार' असा शेरा मारायला मोकळा. यजमानांना घास तोडता येतो का, 'फ' आणि 'व' म्हणताना हवा सुटते का, हाड किती झिजलंय, बाजूचे निरोगी दात घासून ब्रिज करणं का टाळलं, हे लिहिलेलं हवं. आणि अपघाताआधी ते दोन दात निरोगी होते, याचा पुरावा हवा. तुमचे नेहमीचे दंतवैद्य असतील तर पडण्याच्या आधीच्या साफसफाईच्या वेळी काढलेले एक्स-रे त्यांच्याकडे असणारच. ते मागवा. यातल्या एखाद्या दाताचं आधी रूट कॅनाल झालेलं असेल तर तेही लपवू नका. तो 'निरोगी' धरायचा की नाही हे योजनेच्या व्याख्येवर आहे, आणि लपवलेलं सापडलं की दुसऱ्या दाताकडेही ते त्याच नजरेने बघतात.

अपिलाचं उत्तर साधारण दोन महिन्यांत येतं. काही योजनांत अपिलाच्या दोन पायऱ्या असतात. विमा कंपनीकडचं अपील संपलं की बाहेरच्या तटस्थ तपासणीला जाता येतं, तिला चार महिन्यांची मुदत असते. पण ती मुख्यतः वैद्यकीय निर्णयाच्या वादासाठी. 'योजनेत नाहीच' एवढाच मुद्दा असेल तर तिचा उपयोग कमी. यजमानांची कंपनी मोठी असेल तर एचआरला विचारा की योजनेचे पैसे विमा कंपनी देते की तुमची कंपनी स्वतः देते आणि विमा कंपनी नुसता हिशेब ठेवते. दुसरा प्रकार असेल तर तक्रारीची जागा राज्याचं विमा खातं नसून केंद्राचं कामगार खातं, कारण त्या योजना १९७४च्या केंद्रीय कायद्याखाली येतात. शिवाय तिथे पैसे शेवटी मालकाच्या खिशातून जातात, तेव्हा एचआरमधल्या माणसाने शांतपणे केलेला एक फोन तुमच्या दहा पत्रांपेक्षा जड ठरू शकतो.

आता दाढ. ती पुण्यात काढली, किडली म्हणून काढली, दोन वर्षांपूर्वी काढली. तिचा कोड के०८.४३च्या घरातला, कीड. 'कोण बघतंय' याचं उत्तर असं की बघणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. इमर्जन्सीत चेहऱ्याचा स्कॅन झाला असेल तर त्यात ती जागा आधीच रिकामी, आणि हाड भरून आलेलं दिसेल. नाहीतर तुमच्या दंतवैद्याच्या जुन्या एक्स-रेत दिसेल, ज्याची प्रत आपण वरच्याच परिच्छेदात मागवली. विम्याच्या पैशांसाठी खोटं निदान कळवणं हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा आहे. त्यात डॉक्टरचा परवाना जाऊ शकतो, आणि व्हिसावर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल तर तुमचंही फार काही जाऊ शकतं. मंडळातल्या त्या गृहस्थांना दुखवायचं नसेल तर 'बघू' म्हणा आणि विषय बदला. आपल्याकडे 'बघू'चा अर्थ सगळ्यांना कळतो.

डेंटल विम्यातही या दाढेची पंचाईत होऊ शकते. योजना सुरू होण्याआधी गेलेल्या दाताला पैसे नाहीत, असं कलम अनेक योजनांत असतं. दाढ काढली तेव्हा हीच योजना चालू होती का, ते बघा. चालू असेल तर जानेवारीत नवी मर्यादा सुरू झाल्यावर काम काढा, आणि शक्य असेल तर स्क्रू एका वर्षात, कॅप पुढच्या वर्षात. हाड धरायला तसेही तीन ते सहा महिने लागतातच, ओढूनताणून काही करावं लागत नाही. यजमानांच्या नोकरीत एचएसए, म्हणजे औषधपाण्यासाठी करमुक्त बचतीचं, खातं असेल तर विम्याने न दिलेली रक्कम, समोरच्या दातांची आणि दाढेचीही, त्यातून भरता येते.

पुण्याला जाऊन दाढ करून घ्यावी का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारणार आहात. माझी हरकत नाही. दोन फेऱ्या लागतील एवढं धरून चला, आणि येताना बसवलेल्या स्क्रूची कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेलं कार्ड न विसरता घ्या. उद्या कॅपचा आतला स्क्रू ढिला झाला तर इथल्या दंतवैद्याला नेमकं त्याच मापाचं हत्यार लागतं, आणि कार्ड नसेल तर तो एक्स-रेवरून ओळखपरेड करत बसतो, तुमच्या पैशाने.

आणि दाढ काढल्याची पुण्याची चिठ्ठी घरात असेल तर ती या सगळ्या फाइलमध्ये ठेवा. तिच्यावर बहुधा ३६ असा काहीतरी आकडा असेल. अमेरिकेत दात १ ते ३२ असेच मोजतात, त्यामुळे काउंटरवरची बाई म्हणेल, असा दातच नसतो. तिला सांगा, आमच्याकडचा ३६ म्हणजे तुमचा १९. तसंच पुण्यात कोणाला समोरच्या दातांबद्दल सांगाल तेव्हा इथले ८ आणि ९ हे तिथले ११ आणि २१ होतात. आकडे न बदलता तसेच पाठवले तर कीड लागलेली दाढ राहील बाजूला आणि भलत्याच दाताची चौकशी सुरू होईल.